हात न लावलेला कीबोर्ड

१

दगा वाघ मेला तो खंडेनवमीला, आणि कॉम्प्युटर सांगत होता की त्याचा जीव त्याच्या दाजींनी घेतला.

सुरतेजवळ हजीऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या रसायनाच्या कारखान्यात दुपारी एका रिअ‍ॅक्टरचं थंड पाणी बंद पडलं. आतलं रसायन तापत गेलं, शेवटी वरची सुरक्षेची पातळ चकती फाटली आणि उकळती वाफ बाहेर फेकली गेली. तिथेच कामाला असलेला दगा नेमका शेजारच्या लोखंडी जाळीवर उभा होता. कंट्रोल रूममधल्या नोंदीप्रमाणे पाणी कमी झाल्याचा अलार्म अगदी वेळेवर आला होता, आणि 'लोटू बोरसे' या नावाने तो लगेच बंदही करण्यात आला होता. लोटू बोरसे म्हणजे दगाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बडोद्याहून वत्सला देवरे यांना बोलावणं आलं. वत्सलाबाईंचा जन्म उधन्याचा, वडील लूमवर. विज्ञान शिकून त्या एका निराळ्याच कामात शिरल्या होत्या. हजारो पंप, झडपा आणि टाक्या एका टेबलावरून सांभाळणाऱ्या माणसाला पडद्यावर काय दिसावं, कुठे दिसावं, कोणत्या रंगात दिसावं, हे त्या ठरवत. कारखान्याचे पडदे सदोष होते का, एवढंच त्यांनी सांगायचं होतं.

"पडदे ठीक आहेत असं लिहा, वत्सलाबेन, आणि संध्याकाळची गाडी पकडा," मॅनेजर धर्मेंद्रभाई म्हणाले. त्यांचं मराठी सुरती वळणाचं, पण स्वच्छ होतं. "माणूस डुलक्या काढत होता. बझर वाजला, झोप मोडली, बटण दाबलं, पुन्हा झोपला. पोलिसांना तुमचा कागद मिळाला की केस उभी राहील. लोटूला आम्ही घरी बसवलंच आहे."

"त्याचं काय म्हणणं आहे?"

"काही नाही. 'मी बटण दाबलं नाही' एवढं एकदा बोलला, मग तोंडाला कुलूप. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?"

वत्सलाबाई नोंदी पाहायला बसल्या. अलार्म कधी आला आणि तो कधी बंद केला गेला, दोन्ही वेळा शेजारी शेजारी होत्या. त्या सारख्याच होत्या. बझर ऐकायचा, मान वळवायची, बटण शोधायचं, दाबायचं; तरण्याताठ्या, जाग्या माणसालाही याला थोडा तरी वेळ लागतोच. झोपलेल्याची तर गोष्टच सोडा.

त्यांनी त्या दिवसाच्या आधीच्या नोंदी वर ओढल्या. सकाळपासूनचा एकूण एक अलार्म, मग तो फुटकळ असो की गंभीर, आला त्याच क्षणी बंद झाला होता. आणि स्फोटानंतर लगेच हा प्रकार थांबला होता.

त्या दिवशी लोटूच्या टेबलावर जे कोणी बटण दाबत होतं, ते माणूस नव्हतं.

२

कंट्रोल रूममध्ये दोन टेबलं होती. दोन्हीवर तोच पडदा, आणि तोच सपाट कीबोर्ड: वर येणारी बटणं नाहीत, प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पत्र्यावर चौकोन आखलेले. उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनाला सगळे 'गप' म्हणत. तो दाबला की बझर थांबायचा आणि लुकलुकणारी लाल ओळ स्थिर व्हायची.

दुसऱ्या टेबलाचा ऑपरेटर सुकदेव परभणीकडचा. हात सतत हलते, जीभ त्याहून हलती.

"बाई, या पडद्याला शहाणपण नाही," तो म्हणाला. "पंप जरा खोकला तरी लाल, टाकी फुटायला आली तरी लाल. लाईट गेली-आली की एका दमात शे-दोनशे ओळी. लेकराचं रडणं असतं ना, सारखंच असलं की आईसुद्धा उठत नाही."

"तुमचं आणि लोटूचं पटत नव्हतं म्हणे?"

"कोण म्हणालं? कॉम्प्युटरवाले योगेंद्रसाहेब?" सुकदेव हसला, मग हसू आवरलं. "त्याची सीट मला हवी होती, हे खरं. पण त्यासाठी दगाला उकडून काढीन? माझ्या डब्यातली चटणी खाणारा पोरगा होता तो."

"त्या दिवशी तुम्ही या टेबलावर होतात?"

"नाही. खंडेनवमी होती ना. हत्यारांची पूजा. कारखाना तर बंद ठेवता येत नाही. म्हणून दरवर्षी हे एक टेबल पूजेला आणि विश्रांतीला. दिवसभर त्याला कुणी हात लावत नाही. मी खुर्ची ओढून लोटूजवळ बसलो होतो."

"कुणीच हात लावला नाही?"

"देवीची शपथ. पूजलेल्या हत्याराला कोण हात लावील? आणि काय सांगू, दिवस इतका शांत गेला! एकदाही बझर नाही. मी लोटूला म्हटलंसुद्धा, बघ, देवी पावली. तो काही बोलला नाही, त्याच्या घरी सुतक होतं. चुलता वारला होता गावी. आरतीलाही दाराबाहेरच थांबला, प्रसादसुद्धा घेतला नाही त्यानं."

"आणि बझर पुन्हा कधी वाजला?"

सुकदेवचे हात पहिल्यांदाच स्थिर झाले.

"मेल्यावर वैद्य यावा तसा, बाई. स्फोट झाला, लोटू त्याच्या टेबलावर झडपा बंद करायला लागला, मी या टेबलाकडे धावलो. आणि मग जो बोंबलायला लागला बझर... जणू दिवसभराचं साठवून ठेवलं होतं."

३

योगेंद्र मोरे हा कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहणारा तरुण इंजिनिअर. सुरतेतच वाढलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"नोंदीत फक्त लोटूचंच नाव कसं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"सकाळी जो पहिला येतो तो आपल्या नावाने सिस्टिम उघडतो, मॅडम. नाव बदलायचं तर सगळे पडदे पुन्हा मांडावे लागतात, तेवढा वेळ कारखाना आंधळा. म्हणून कोणी बदलत नाही. दोन्ही टेबलं त्याच नावावर चालतात."

"म्हणजे 'लोटू'ने केलं याचा अर्थ त्या खोलीतल्या कोणीही केलं."

"तसं... हो. पण दुसऱ्या टेबलाला कुणी हात लावला नव्हता."

"आणि दुसऱ्या टेबलावर 'गप' दाबलं, तर पहिल्या टेबलावरचा बझरही थांबतो?"

"थांबतो. म्हणजे एकानं ऐकलं की दुसऱ्याला त्रास नको."

वत्सलाबाई दुसऱ्या टेबलाजवळ गेल्या. पहिल्या टेबलाच्या कीबोर्डवर 'गप'चा चौकोन बोटांनी घासून पांढरा पडला होता. इथला कोराकरकरीत होता. एका कडेला बनवणाऱ्या कंपनीतून आलेली पारदर्शक पापुद्र्याची पट्टीसुद्धा चिकटून होती.

"हा नवा आहे."

"जुना बिघडला. बदलला मी."

"कधी?"

"दसऱ्याला," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं.

माणूस मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सणाच्या सुट्टीला, ज्या कीबोर्डला कुणी हातही लावला नव्हता तो हा मुलगा बदलायला आला होता.

वत्सलाबाई सुकदेवकडे वळल्या. "पूजा नेमकी कशी मांडता तुम्ही? सगळं सांगा."

"नेहमीसारखी. कीबोर्डला हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि वर कलश."

"वर म्हणजे कशावर?"

"कीबोर्डावरच की. हत्यार म्हणजे तेच ना! पितळेचा तांब्या, पाण्यानं काठोकाठ, त्यावर नारळ."

"कोणत्या बाजूला?"

सुकदेवने उजव्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

४

हात कोणी लावला नव्हता. सगळे खरं बोलत होते. देवापुढे ठेवलेल्या तांब्याला आपल्याकडे कोणी 'हात लावणं' म्हणत नाही.

कँटीनमधून पितळेचा तांब्या मागवला. वत्सलाबाईंनी तो पाण्याने भरला, त्यावर जड पेपरवेट ठेवला आणि 'गप'च्या चौकोनावर टेकवला. योगेंद्र भिंतीला पाठ लावून उभा होता. कारखान्याचा दुसरा भाग चालू होता; कुठला ना कुठला अलार्म यायला वेळ लागणार नव्हता.

आला. बझर वाजला, आणि वाजतच राहिला.

वत्सलाबाईंनी तांब्या उचलून पुन्हा ठेवला. बझर थांबला. मग पुढचा अलार्म आला, आणि बझर पुन्हा ठणाणा करू लागला.

"एका दाबाला एकच अलार्म थांबतो, मॅडम," योगेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "तांब्या एकदाच टेकला. तो दिवसभराचे अलार्म कसे थांबवील?"

बरोबर होतं. वत्सलाबाई खुर्चीत बसल्या. इतकी नीट जुळलेली मांडणी, आणि पायाच निघून गेला. लोटूची बायको लीला सकाळी गेटवर भेटली होती. "माझ्या भावाला माझ्या नवऱ्यानं मारलं का, एवढंच सांगा," असं म्हणाली होती. तिला काय सांगणार?

त्यांची एक सवय होती. काही सुचेनासं झालं की त्या पडदा पाहायचं सोडून, पडदा वापरणाऱ्याचे हात पाहत. सुकदेव पहिल्या टेबलावर काम करू लागला होता. कुठेतरी वीज हलली असावी, ओळींमागून ओळी लाल झाल्या. त्याने न बघता अंगठा 'गप'वर नेला आणि दाबून धरला. धरूनच ठेवला. बझर थांबला, पुन्हा वाजला. सुकदेव वैतागला, अंगठा उचलून पुन्हा दाबला, पुन्हा धरून ठेवला.

"हल्ली हेही नखरे करतंय," तो पुटपुटला.

वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या. "हल्ली?"

"आधी दाबून धरलं की सगळे ओळीनं गप व्हायचे. आता एकेकाला टोचत बसा."

ज्याला रोज एकेकदा टोचावं लागतं, त्याचा अंगठा असा रुतून बसत नाही. सवय हाताला असते, आणि ती बदलायला दिवस लागतात. कॉम्प्युटरमधली मांडणी मात्र बसल्या जागी बदलता येते.

"योगेंद्र," त्या म्हणाल्या, "कीबोर्ड बदललास, त्याच दिवशी ही मांडणीही बदललीस. खरं ना?"

योगेंद्रने खिशातली पेनं उगाचच सारखी केली.

"या ऑपरेटरांनीच मागितलं होतं, मॅडम. लाईट गेली की अलार्मचा पूर येतो, बोटं दुखतात, म्हणाले. म्हणून मी दाबून धरलं की सगळे बंद, असं करून दिलं. सगळ्यांनी मला चहा पाजला. दसऱ्याला मी तांब्या ठेवून पाहिला आणि... धर्मेंद्रभाईंना सांगितलं. ते म्हणाले, पहिल्यासारखं करून टाक, कीबोर्ड काढून टाक, पूजेचं नाव निघालं तर दंगा होईल. माझ्या बहिणीचं लग्न ठरलंय, मॅडम."

"जुना कीबोर्ड कुठे आहे?"

"घरी. फेकवेना. कोपऱ्यात कुंकू गेलंय."

५

दिंडोलीत एका लूमच्या शेडमागे बाज टाकून लोटू बोरसे बसला होता. समोरच त्याचं घर होतं, पण त्यात सासू येऊन राहिली होती आणि सासू असेपर्यंत त्याला उंबरा बंद होता. भिंतीपलीकडे माग खडखडत होते, त्यामुळे बोलायला जवळ बसावं लागलं.

वत्सलाबाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर आश्चर्याची रेघ उमटली नाही.

"तुम्हाला हे ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"सुकदेवनं तांब्या उचलला आणि बझर वाजला, तेव्हाच कळलं, ताई. बटण धरून ठेवलं की काय होतं, ते आम्हाला नाही तर कोणाला माहीत?"

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत? तुमच्यावर गुन्हा लागतोय."

लोटू बाजेवर सरसावून बसला. मग म्हणाला, "कलश मीच मांडला होता. लिहून घ्या. म्हणजे दोष माझाच."

"सुकदेव तेव्हा कुठे होता?"

"गेटवर, हार आणायला. खोलीत मीच होतो."

"आणि दगा?"

"दगा... होता. असाच, बाजूला."

वत्सलाबाईंचं बालपण अशाच गल्लीत गेलं होतं. काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"लोटूभाऊ, तुमचा चुलता वारला होता. सुतक होतं. प्रसाद न घेणारा माणूस, आरतीला दाराबाहेर थांबणारा माणूस, कलशाला शिवेल?"

लोटू बाजेवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"खोलीत दोघंच होतात. तुमच्या हाताला पूजा चालत नव्हती. दगा तुमच्या भावकीतला नाही, त्याला सुतक नव्हतं. कलश त्यानं मांडला."

"हळू बोला," लोटू म्हणाला, आणि भिंतीपलीकडच्या त्या गोंगाटातही त्याने घराच्या दाराकडे पाहिलं. "मीच त्याला बोलावलं, ताई. म्हटलं, ये बाबा, मला चालत नाही, तू मांड. किती हौसेनं मांडला. डाव्या हाताला ठेवला होता आधी. मग म्हणाला, दाजी, देवीला उजवीकडे मान. आणि सरकवला."

तो बाजेची सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

"सासू म्हातारी आहे. जावई नालायक निघाला, हे दुःख ती पेलेल. शिव्या घालायला तरी माणूस आहे समोर. पण पोरानं आपल्याच हातानं... ते कोणाला शिव्या घालून जाईल? मला आत जाऊ द्या. जाईन मी."

"आणि लीला?"

लोटूने बोटाची सुतळी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

६

धर्मेंद्रभाईंच्या टेबलावर जुना कीबोर्ड पडला होता. योगेंद्रने स्वतः आणून ठेवला होता आणि खाली मान घालून, पण स्पष्ट शब्दांत, काय बदललं आणि कोणाच्या सांगण्यावरून, तेही सांगितलं होतं. धर्मेंद्रभाईंनी त्या कुंकवाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"कलश कोणी ठेवला?" ते म्हणाले.

"माझ्या अहवालात ते नाव नाही."

"जुओ, बघा वत्सलाबेन, नाव तर लागेल. कोणीतरी ठेवला ना?"

"आरतीला तुम्ही होतात?"

"होतो. दरवर्षी असतो."

"कीबोर्डवर भरलेला तांब्या तुम्हाला दिसला. हात जोडलेत. धोका दिसला?"

"... नाही."

"मलाही दिसला नसता. दहा जणांनी पाहिला, कुणालाच दिसला नाही. मग ज्याने ठेवला त्यालाच तो दिसायला हवा होता, असं कसं म्हणता?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते बटण माणसाला विचारतं, 'तू हे पाहिलंस ना?' आणि उत्तर मात्र कोणाचंही घेतं. तांब्याचंही. चूक तिथे आहे. शिवाय दोन टेबलांना एक नाव, सगळ्या संकटांना एक रंग, एका टेबलाच्या 'हो'वर दुसऱ्याचं तोंड बंद. हे सगळं मी लिहिलं आहे. कीबोर्ड कोणी लपवायला सांगितला, तेही. एक प्रत पोलिसांकडे जाईल."

"मेलेल्याच्या नावावर लिहिलं असतंत तर कोणाचंच नुकसान नव्हतं," धर्मेंद्रभाई हळूच म्हणाले. म्हणजे नाव त्यांना ठाऊक होतं. निदान अंदाज होता.

"त्याची माणसं जिवंत आहेत," वत्सलाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

दिंडोलीला पोचल्या तेव्हा लीला दारातच तांदूळ निवडत होती. त्यांनी तिच्याशेजारी बसून, एकही जड शब्द न वापरता, सगळं सांगितलं. लोटूने बटण दाबलं नव्हतं. बझर वाजलाच नव्हता. त्याच्यावरचा गुन्हा बहुधा टिकणार नाही. लीलाचे हात सुपात थांबले होते.

"कलश," ती म्हणाली.

"हो."

"कोनी मांडा ते लिखेल शे का?"

"नाही. लिहिलेलं नाही."

लीलाने मान हलवली. "तांब्या मना घरना व्हता," ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात. "मायनी दियेल. त्या दिनले भाऊ सकाळमा उना, म्हने, अक्का, दाजीले सुतक शे, यंदा पूजा मी मांडस. मीच घासीसन दिधा." तिने शेडकडे पाहिलं. "त्यासले हाई ठाऊक व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आनि बोलनात नहीत."

आतून म्हातारीचा आवाज आला. "कोन शे वं?"

"कारखानानी बाई शे, माय."

"कबूल करं का त्यानी?"

"त्यासनी काही करेल नही, माय. यंत्रमा खोट व्हती. बाई तेच सांगाले उनी."

आत बाज करकरली. मग म्हातारी म्हणाली, "आनि ते यंत्र चालाडे कोन?"

वत्सलाबाईंनी लीलाकडे पाहिलं. एका नावाने हा प्रश्न मिटला असता. लीला सूप बाजूला ठेवून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, म्हातारीने काहीतरी कडू उच्चारलं. ती बाहेर आली तेव्हा हातात भाकरी-भाजीचं ताट होतं. गल्लीतल्या बायका ओट्यांवर बसल्या होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. त्या सगळ्यांच्या देखत लीला गल्ली ओलांडून शेडमागे गेली.

"जेवी ल्या," ती नवऱ्याला म्हणाली. मग त्याने काही विचारायच्या आतच, ताट त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "मायले सांगानं नही. कधीच नही. ती तुमले शिव्या दी, तुम्ही आयकानं. मी बी आयकसू."

लोटूने घास मोडला. आत म्हातारी मोठ्याने जावयाला शाप देऊ लागली होती, आणि दोघं ते ऐकत बसली.